मुक्या पेटीचा सा

आपले माणूस वाचावे असे वाटणे, आणि ते पूर्वी होते तसेच वाचावे असे वाटणे, या दोन इच्छा एकाच घरात सख्ख्या बहिणींसारख्या नांदतात. एरवी त्यांच्यात भेद करण्याचा प्रसंग येत नाही. परंतु क्वचित दैव दारात उभे राहते आणि दोघींतली एकच ठेवून घ्या म्हणते. कोणती ठेवायची हे प्रेम करणाऱ्याने ठरवावे, की ज्याच्यावर प्रेम आहे त्याने, याविषयी शास्त्रात मला कोठे स्पष्ट वचन आढळले नाही. पाचगणीत एका हिवाळ्यात तो निर्णय होताना मी पाहिला. तेवढेच सांगतो.

"हिच्यातून आवाजच येत नाही," नरहरपंत पट्टीवरचे बोट उचलीत म्हणाले.

"येतो ने! तुमचा कान मोट्टा आवाज खाऊन खाऊन जाडा झाला, पंतजी," फ्रेनीबाई म्हणाल्या. "परत दाबा. आनि श्वास जरा बंद ठेवा."

फ्रेनीबाई माझ्या घरमालकीण. त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत मी राहत असे आणि जवळच्या एका निवासी शाळेत संस्कृत शिकवीत असे. त्यांचे यजमान होरमसजी डोंगरावरच्या शाळांतले आणि बंगल्यांतले पियानो दुरुस्त करीत. गोरे लोक देश सोडून गेले तेव्हा मागे राहिलेली जुनी वाद्ये त्यांनी आपल्या दिवाणखान्यात आणून ठेवली होती. होरमसजी वारले, वाद्ये राहिली. फ्रेनीबाई ती रोज पुसत, वाजवीत मात्र नसत.

नरहरपंत वेलणकर माझ्याच गावचे, वाईचे. पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन हे त्यांचे आयुष्य. त्यांच्या नाटक कंपनीचे खेळ मी लहानपणी चटईवर बसून पाहिले होते. कंपनी मोडली तेव्हा पंतांच्या पदरी एकच संपत्ती उरली: त्यांची मुलगी अनसूया आणि तिचा गळा. पदरात निखारे घेऊन यावे तसा तिचा आवाज रंगमंचावर येई. आणि आता ती टेकडीच्या कडेवरच्या आरोग्यभुवनात पडून होती. क्षय छातीतून कंठापर्यंत चढला होता.

डॉक्टर केळुसकरांनी तिला मौन सांगितले होते. गाणे नाही, बोलणे नाही, कुजबुजणेही नाही. उशाशी पाटी-पेन्सिल ठेवलेली. सुया चालू होत्या, पण ती दूध परत पाठवू लागली होती. ताट जसेच्या तसे जाई. दिवसभर भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी पंतांना व्हरांड्यात नेऊन सांगितले होते, "सुईनं जंतू मरतील. जगायची इच्छा सुईतून देता येत नाही. पोर मनानं निघाली आहे, पंत. तिच्या हातात काहीतरी द्या."

काय देणार? हार्मोनियमचा भाता ओढण्याचे बळ तिच्यात नव्हते, आणि शेजारच्या खोल्यांतल्या रोग्यांची विश्रांती मोडली असती. तेव्हा मला फ्रेनीबाईंच्या दिवाणखान्यातली ती लांबट पेटी आठवली. मोलकरीण तिला मुकी पेटी म्हणत असे.

"हे समजून घ्या," फ्रेनीबाई काठी टेकीत एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाऊ लागल्या. "हा मोट्टा आहे ने, ह्याच्यात पट्टी दाबली की कावळ्याच्या पिसाची काडी वर येते आनि तारेला नख मारते. पन किती पन जोरात दाबा, आवाज तेवढाच. राजेलोकांना चालला. मग कोणी इटलीवाला आला, त्यानं पिसाच्या जागी हातोडी बसवली. हळू मारा, हळू. जोरात मारा, जोरात. सगळे खूष! मग बोलले, मोट्ट्या हॉलमधे मागच्या खुर्चीला पन ऐकू यायला पायजे. तारा जाड केल्या, ताणल्या. लाकूड वाकायला लागलं तर आत लोखंडाचा सांगाडा टाकला. तो बघा, काळा राक्षस, खिडकीजवळ. पन हातोडी काय करते? मारते आनि पळून जाते. माझा होरमस तसाच होता. मोट्टा आवाज करायचा आनि क्लबमधे निघून जायचा."

पंतांच्या ओठांची कडा हलली. पाचगणीला आल्यापासून मी त्यांना हसताना प्रथमच पाहिले.

"आणि ही?" मी विचारले.

"ही सगळ्यांत गरीब. नाव तिचं क्लॅव्हिकॉर्ड. पट्टीच्या मागच्या टोकाला पितळेचं पातं आहे, ते खालून तारेला लागतं आनि तिथंच राहतं. बोट खाली आहे तोपर्यंत तार तुमच्या हातात. बोट हलवा, सूर हलतो. हॉलमधे कोणाला ऐकू येत नाही, म्हणून लोकांनी हिला टाकून दिली."

पंतांनी पुन्हा पट्टी दाबली आणि बोट न उचलता ते किंचित हेलकावले. मी कान लावून होतो. माशीच्या पंखाएवढा एक सूर उठला आणि पाण्यावर दिव्याचे प्रतिबिंब हलावे तसा हलला.

"आंदोलन," पंत पुटपुटले. "शास्त्रीबुवा, पट्टीच्या वाद्यावर आंदोलन! जन्मभर ऑर्गन वाजवला. गाणारा गंधार डोलवायचा आणि मी आपला खांबासारखा सरळ सूर धरून उभा. वाटायचं, हे पट्टीच्या नशिबातच नाही."

वैदिक यज्ञात शंभर तंतूंचे वाण नावाचे वाद्य वेताच्या काडीने वाजवीत, असे आम्ही पाठशाळेत शिकलो होतो. तेव्हापासून मनुष्य तारेला दुरून बोलते करण्याच्या युक्त्या शोधीत आला आहे: काडी, पीस, हातोडी. त्या सगळ्या प्रवासात या एका पेटीने बोटाची आणि तारेची ताटातूट होऊ दिली नव्हती. मला ती नमस्कार करण्याजोगी वाटली.

"भाडं काय ठरवायचं?" पंतांनी विचारले.

"भाडं? पोरगी दूध प्याली की मला निरोप पाठवा, तेच." मग फ्रेनीबाईंनी झाकणावर हात ठेवला. "पन एक ऐका. हिच्यात लोखंड नाही. नुसतं लाकूड, आनि माझ्या आजीपेक्षा म्हातारं. होरमस बोलायचा, हिला हिच्याच सुरात राहू द्या, वर खेचू नका. खेचणार नाही ने?"

"नाही खेचणार," पंत म्हणाले. त्या क्षणी ते मनापासून म्हणाले, याची साक्ष मी देऊ शकतो.

दोघा हमालांनी पेटी आरोग्यभुवनात पोचवली. अनसूयेच्या पलंगाशी दोन स्टुलांवर ती आडवी ठेवली. अनसूयेने मान वळवून पाहिले, आणि पाटीवर लिहिले: खेळणं?

"दाबून तर बघ, अनू," पंत म्हणाले.

तिने बोट ठेवले. आम्हांला काहीच ऐकू आले नाही; तिची भुवई मात्र चढली. तिने कान पेटीजवळ नेला. पुन्हा दाबले. मग ते बोट उचलायला ती विसरली असावी, कारण ते थरथरले आणि सुरालाही थरथर सुटली. तिने दचकून वडिलांकडे पाहिले. पंतांनी नुसती मान हलवली: हो, तेच. तिने डोळे मिटले आणि दरबारीचा गंधार शोधू लागली, तो खाली झुकणारा, स्वतःशीच हेलकावणारा गंधार. तो सापडल्याचे तिच्या चेहऱ्यावरून कळले.

त्या संध्याकाळी दुधाचा पेला रिकामा परत गेला. मी फ्रेनीबाईंना निरोप दिला. होरमसजींच्या तसबिरीपुढचा दिवा त्यांनी थोडा मोठा केला.

पुढले काही दिवस देवाने दिलेले होते असेच म्हटले पाहिजे. मी शाळा सुटल्यावर जाई. अनसूया उशीला टेकून वाजवीत असे, आणि पाटीवर तिची जुनी खोडकर जीभ परतली होती. एकदा तिने लिहिले: शास्त्रीबुवा, ही पेटी तुमच्या विद्यार्थ्यांसारखी आहे. विचारलं की तोंडातल्या तोंडात उत्तर देते.

"माझे विद्यार्थी तेवढेही देत नाहीत," मी म्हणालो. ती हसली. आवाज न करता हसणे तिला साधले होते. ते पाहणे मात्र आम्हांला साधत नव्हते.

पेटी पंतांनी आपल्या हातांनी सुरात लावली होती. ऑर्गनवर कोणत्याही पट्टीतून गाता यावे म्हणून त्याचा प्रत्येक स्वर थोडाथोडा खोटा ठेवावा लागतो. पंतांनी ते जन्मभर सोसले होते. येथे त्यांनी एकच सा धरला आणि बाकीचे स्वर त्याच्याशी खरे मिळवले. सा धरला तो काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा. अनसूया बालपणापासून त्याच पट्टीत गाई आणि तिची बोटे तेथेच बसलेली होती. परंतु पेटी जुन्या काळची; तिची काळी चार ऑर्गनच्या काळी चारपेक्षा पुष्कळ खाली बोले. अनसूयेने ते पहिल्याच दिवशी ओळखले, क्षणभर थांबली, आणि वाजवीत राहिली. पंत थांबले ते थांबलेच. ती सा दाबी तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी उमटे, खोटे नाणे हातात आल्यासारखी.

डॉक्टर केळुसकरांनी तिचा गळा तपासला आणि समाधान दाखवले. जाताना ते पेटीपाशी थबकले.

"हा सूर तिच्या गाण्याच्या सुराहून खाली आहे ना?"

"आहे," पंत कोरडेपणाने म्हणाले.

"तो तसाच राहू द्या. मला गाणं कळत नाही, गळे कळतात. गाणारा माणूस नुसतं ऐकतो तेव्हासुद्धा त्याचा गळा आतून गात असतो. तिच्या सुरापाशी हे वाद्य नेलंत तर ती थांबणार नाही. आवाजही जाईल आणि मुलगीही."

पंतांनी मान डोलावली. त्या डोलावण्यात होकार किती होता हे मला चार दिवसांनी, बाजारातून टेकडीकडे चढताना कळले. त्यांच्या पिशवीत मिरजेहून मागवलेली, जास्त ओढ सोसणारी पोलादी तार होती.

"पंत, फ्रेनीबाईंना तुम्ही शब्द दिला आहे," मी म्हणालो.

"फ्रेनीबाईंना मुलगी आहे का?"

"डॉक्टरांनीही सांगितलं आहे."

"डॉक्टर गळा बघतात. मी तो घडवला आहे." ते वाटेतच थांबले. धाप लागली होती. "माझ्या मांडीवर बसून तिनं काळी चारचा सा लावला, तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं, शास्त्रीबुवा. वीस वर्षं ती ती पट्टी दाबते आहे आणि आतून ती स्वतः ओ देते आहे. आता दाबते, तर खालून भलताच कोणीतरी ओ देतो. आईची साडी नेसून परकी बाई दारात उभी राहावी तसं वाटतं मला."

"पण ती जेवते आहे. हसते आहे."

"हो. बरी होऊन घरीही येईल. आणि त्या खालच्या सुरात बसून राहील जन्मभर. त्या सुरात माझी अनू मेलेली आहे, शास्त्रीबुवा! रोज संध्याकाळी मी तिच्या तेराव्याला बसल्यासारखा ऐकतो."

जे पाठ होते ते बोललो: "उच्चाराच्या शिक्षाशास्त्रात मंद्र, म्हणजे खालच्या स्वराचं स्थान ऊर सांगितलं आहे, मध्याचं कंठ, ताराचं मस्तक. तो मेलेल्याचा सूर नव्हे, पंत. छातीचा सूर आहे."

"छातीतच तर कीड आहे तिच्या," पंत म्हणाले आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रेनीबाईंनी अनसूयेसाठी मधाची बाटली दिली, ती घेऊन मी गेलो. विश्रांतीची वेळ होती. सगळे आरोग्यभुवन निपचित होते. अनसूयेच्या खोलीत पितळी तारांची गुंतवळ जमिनीवर पडलेली. पेटीत नव्या पोलादी तारा चमकत होत्या. पंत गुडघे टेकून चावीने खुंट्या पिळीत होते. अनसूया उशीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: बाबा, पुरे. ते पंतांच्या डोळ्यांसमोर होते. पंत त्याच्याकडे पाहत नव्हते.

"पंत," मी म्हणालो.

"झालंच. थोडंसं राहिलंय."

एक तार तुटली आणि त्यांच्या मनगटावर लाल रेघ ओढून गेली. त्यांनी मनगट धोतराला पुसले आणि दुसरी तार ओवली. खिशातून त्यांनी पितळेची एक पत्ती काढली. कंपनीच्या ऑर्गनमधली काळी चारची पत्ती होती ती. ऑर्गन विकला गेला त्या दिवशी त्यांनी तेवढी काढून ठेवली होती. ती ओठांत धरून त्यांनी फुंकली. खोलीत अनसूयेचा सा वाजला. तिने ओठ घट्ट मिटले.

चावी फिरली. पेटीतून एक बारीक आवाज आला, झोपेत म्हातारे माणूस कण्हते तसा. मी पुढे झालो, पण पंतांनी हात आडवा केला. त्यांच्या डोळ्यांत जे होते त्याला मी हट्ट म्हणणार नाही. बुडणारा मनुष्य फळी धरतो, तेव्हा ती फळी दुसऱ्या कोणाची आहे हे तो पाहत नाही.

"लागला," ते म्हणाले. "अनू, हा घे. हा घे तुझा सा."

तिने मान हलवली. नको.

"एकदाच, बाळ. मला एकदा ऐकू दे. मग मी काही मागणार नाही."

त्यांनी तिचे बोट आपल्या हातात घेतले आणि पट्टीवर ठेवले.

सूर उठला. आता तो माशीच्या पंखाएवढा नव्हता. पोलादाचा होता, टोकदार, आणि तो नेमका तिचा होता. मी तिच्या गळ्याकडे पाहत होतो. तो वर उचलला गेला. तिने ठरवले नव्हते. ओंजळीत पाणी पडताच तहानलेल्याचे तोंड खाली जाते, तसे तिचे ओठ उघडले. किती महिन्यांनी तिचा आवाज या जगात आला. त्याला आवाज म्हणणेही कठीण होते. फाटून गेलेल्या शालूच्या काठावर जरीचा एकच धागा राहावा, तसा तो होता. पण सा खरा होता.

"आहे!" पंतांनी हात जोडले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. "शास्त्रीबुवा, आहे! गेलेला नाही!"

ती रिषभावर गेली. गंधाराकडे झुकली. आणि तेथे तो धागा तुटला. खोकला आला, थांबला, पुन्हा आला, आणि पांढऱ्या रजईवर रक्त पडले. त्याच गडबडीत पेटीच्या आतली फळी तडकल्याचा आवाज मी ऐकला. ती तेव्हाच तडकली, की आधीच तडकली होती आणि मला तेव्हा ऐकू आली, हे मला आजही सांगता येत नाही.

मी धावत जाऊन डॉक्टरांना आणले. दार बंद झाले. पंत व्हरांड्याच्या पायरीवर बसले. चावी अजून त्यांच्या मुठीत होती. उन्हे दरीत उतरली तेव्हा दार उघडले.

"रक्त थांबलं आहे," डॉक्टर म्हणाले. "आज थांबलं आहे." पंतांना ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर पंत खोलीत गेले नाहीत. सकाळी येत, पायरीवर बसत, अंधार पडायच्या आत उठून जात. कोणी अन्न आणले तर शेजारी ठेवून घेत आणि ते तेथेच निवे. अनसूया पुन्हा भिंतीकडे वळली होती. दोन जीव एका भिंतीच्या दोन बाजूंना असे विझत चाललेले मी पाहिले आणि मला कोणताही मंत्र आठवला नाही. एकदा पंत मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, ती पेटी घेऊन जा. तिच्याबरोबर मलाही कुठे टाकता आलं तर टाका. मी तिला जगवायला आलो होतो हो."

शेवटी मी फ्रेनीबाईंना सगळे सांगितले. त्या काठी टेकीत, थांबत थांबत, ती चढण स्वतः चढून आल्या. पंतांसमोरून तशाच आत गेल्या. झाकण उघडून त्यांनी तडकलेल्या फळीवरून बोट फिरवले, ताप पाहावा तसे.

"होरमस असता तर रडला असता," त्या म्हणाल्या. "मी रडत नाही. लाकूड आहे." मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "पंतजी, आत या."

"कोणत्या तोंडानं येऊ, बाई?" बाहेरून उत्तर आले.

"तोंड कशाला आणता? कान आणा."

पंत उंबऱ्यापर्यंत आले. पुढे त्यांचे पाऊल पडेना. अनसूया भिंतीकडून हळूहळू वळली. तिने वडिलांकडे पाहिले. मग हात पुढे केला. पंतांना वाटले, जवळ बोलावते आहे; ते तिच्या पायांशी वाकू लागले. तिने मान हलवली आणि त्यांच्या मुठीकडे बोट दाखवले. चावी मागत होती.

तिने पहिली खुंटी चावीत धरली आणि उलटी फिरवली. तार कुरकुरली, खाली आली. तिने दुसरी धरली.

"अनू, नको," पंत म्हणाले. "तो तुझा सा आहे, बाळ."

ती थांबली नाही. तिसरी, चौथी. प्रत्येक तार सुटे तशी पेटीच्या अंगातली ओढ कमी होताना दिसत होती. वेदना ओसरताना आजाऱ्याचे खांदे सैल पडतात तशी. पण तिची मनगटे काडीसारखी झालेली. थोड्याच वेळात घाम फुटला आणि चावी खुंटीवरून घसरली. फ्रेनीबाई पुढे झाल्या. अनसूयेने त्यांना हाताने थांबवले आणि चावी वडिलांपुढे धरली.

पंतांनी ती घेतली नाही. तिने हात मागे घेतला नाही. खोलीत आम्ही चौघे होतो आणि बाहेर सुरूच्या झाडांत वारा होता. तो हात कापू लागला, तेव्हा पंत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चावी घेतली.

"किती उतरवू?" त्यांनी विचारले.

तिने तळवा खाली केला. ते उतरवीत गेले. तिने पट्टी दाबून ऐकले, अजून खाली. पुन्हा उतरवले. अजून. मुळात पेटी जिथे होती तिथे आली, तरी तळवा खालीच जात होता. पंतांनी एकदा वर पाहिले. त्या दृष्टीत याचना होती. तळवा खाली गेला. मग एका जागी तिने पट्टी दाबली, बोट तसेच ठेवले, श्वास सोडला. तिचा कंठ हलला नाही. छाती मात्र शांतपणे वर आली आणि खाली गेली. तिने तळवा आडवा धरला. इथे.

नाटक मंडळींत एक रीत असते. गाणारा वाद्याच्या पट्टीला जात नाही. वाद्ये गाणाऱ्याच्या पट्टीला येतात. पंतांनी आयुष्यभर ती पाळली होती, आणि तीच पाळतो आहोत या समजुतीने त्यांनी पोलादी तारा ओढल्या होत्या. रीत त्या दिवशीही मोडली नाही. अनसूया जिथे होती, तिथे पेटी आली.

तिने वडिलांचे बोट धरून गंधारावर ठेवले आणि त्यावर आपले बोट ठेवून हलकेच दाबले. पंत दगडासारखे बसले होते. मग त्यांचा चेहरा उसवला.

"लागते आहे," ते म्हणाले. "अनू, तार बोटाला लागते आहे."

तिने मान डोलावली आणि बोट उचलू दिले नाही.

ती चैत्रात घाट उतरली, जिवंत. पेटी फ्रेनीबाईंनी तिच्याबरोबर दिली. फळीची भेग मिटली नाही आणि वाढलीही नाही. अनसूया पुन्हा गायली नाही. पुढे मौन सुटले तेव्हा तिचा बोलण्याचा आवाज पुरुषासारखा जाड आणि तळातला येई, आणि अनोळखी माणसे दचकत. पंत दर पंधरवड्याला पेटी सुरात लावीत आणि लावण्याआधी तिला विचारीत, "आज कुठे?" ती दाखवी. कधी त्याहूनही खाली. ते चावी फिरवीत. निरोपाच्या दिवशी त्यांनी काळी चारची पत्ती माझ्या हातावर ठेवली होती. ती माझ्या पोथ्यांच्या फडताळात आहे. मी ती कधी फुंकली नाही.

आता त्या खोलीतल्या चौघांपैकी मी एकटाच मागे राहिलो आहे. जिथे पंत असतील, तिथे त्यांच्या बोटाला तार लागत राहो. फ्रेनीबाईंना त्यांचा होरमस भेटला असेल, तर तो या वेळी थोडा हळू बोलो. आणि अनसूयेचा सूर, जिथे कोठे तो असेल, तिला झेपेल तेवढाच चढो.